घड्याळ थांबते तिसऱ्यासाठी

ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या सांघिक पाठलाग सायकल शर्यतीची अंतिम लढत. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यात जबरदस्त चुरस होती. शेवटच्या फेरीत ब्रिटनचा ईथन हेटर सीटवरून घसरला. तो पडला नाही, सावरला. पण ब्रिटनची उरलीसुरली आशा तिथेच संपली. ऑस्ट्रेलियाने ३ मिनिटे ४२.०६७ सेकंदांत सुवर्ण जिंकले आणि ब्रिटनला रौप्यावर समाधान मानावे लागले.

एकजण घसरला तर सगळ्या संघाचे एवढे नुकसान का व्हावे? याचे उत्तर या शर्यतीच्या एका नियमात आहे. आपल्याकडे दर रविवारी पहाटे सायकली काढणाऱ्या गटांनी तो नियम जरूर समजून घ्यावा, असे मला वाटते.

शर्यत ४ किलोमीटरची. २५० मीटरच्या ट्रॅकवर सोळा फेऱ्या. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. प्रत्येक संघात चौघे असतात. सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरते आहे तोवर पायही फिरवावेच लागतात. संघाची वेळ मोजली जाते ती तिसऱ्या सायकलस्वाराचे पुढचे चाक अंतिम रेषा ओलांडते तेव्हा. पहिला कितीही सुसाट आला तरी त्याचा उपयोग शून्य.

या शर्यतीतला खरा शत्रू हवा आहे. याच पॅरिसमध्ये, आधीच्या फेरीत, ऑस्ट्रेलियाने ३ मिनिटे ४०.७३० सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. म्हणजे थांबलेल्या स्थितीतून सुरुवात करूनही सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटर. अशा वेगात बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग फक्त १० टक्के वाढवायचा तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लावावी लागते. म्हणूनच चौघे एकामागे एक, चाकाला चाक भिडेल इतके जवळ राहतात. मागच्यांना पुढच्याच्या आडोशाने बरीच कमी ताकद लागते. पुढचा आपली पाळी संपली की ट्रॅकच्या उतारावर वर चढतो, बाकीचे खालून पुढे जातात आणि तो शेपटाला येऊन चिकटतो.

शेपटाला आला म्हणजे आराम मिळाला, असे मात्र नाही. तिथेही हृदय कमाल वेगाच्या जवळच धडधडत असते. आपले स्नायू दोन मार्गांनी ऊर्जा मिळवतात. एक प्राणवायू वापरून, आणि दुसरा त्याच्याशिवाय. पहिला मार्ग पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. दुसरा लगेच मदतीला येतो, पण त्याची शिल्लक थोडी. सुरुवातीच्या जोशात ती उधळली की शेवटच्या फेऱ्यांत पाय साथ सोडतात. म्हणून आघाडीवर कोणी किती फेऱ्या राहायचे हे प्रत्येकाच्या कुवतीनुसार आधीच ठरवलेले असते. सगळ्यात दणकट गडी जास्त वेळ वारा झेलतो. जो आपला वाटा उचलून पूर्ण थकला, तो चौथा शर्यत सोडूनही देऊ शकतो. उरलेल्या तिघांनी मात्र एकत्रच पोहोचायचे.

आता आपल्या रविवारच्या गटाकडे पाहू. पंचेचाळिशीतला, आठवडाभर खुर्चीत बसलेला एखादा गृहस्थ नवी सायकल घेऊन येतो. पुढची तरणी पोरे घाट चढू लागतात. मागे राहायची लाज वाटते म्हणून तोही दात-ओठ खाऊन पेडल मारतो. वर पोहोचल्यावर मोबाइलवर सगळ्यांचे आकडे झळकतात आणि त्यात पहिल्याचेच कौतुक होते. ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंची शेवटच्या फेरीतली धाप आपण उचलली. त्यांचा हिशेब तेवढा उचलला नाही.

जोरकस व्यायाम वाईट नाही. थोडा वेळ जोर, मग थोडा वेळ हळू, अशी पद्धत तंदुरुस्ती वाढवते हे खरेच आहे. पण तो जोर पेलण्याची सवय शरीराला टप्प्याटप्प्याने लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे काय, हे कळायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांतच दम लागतो, तो जोरकस. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर जोर वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटावे. छातीत दुखले, भोवळ आली, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर तिथल्या तिथे थांबावे. गटाला काय वाटेल याचा विचार तेव्हा करू नये.

अनेकजण म्हणतील, की स्पर्धा नसेल तर मजा काय? स्पर्धा असूच द्या, फक्त मोजमाप बदला. गटाची वेळ शेवटचा माणूस पोहोचेल तेव्हाची धरा. मग बघा, दणकट पोरे आपोआप पुढे होऊन वारा अडवतील, चढावर मागे वळून पाहतील, नवख्याला आडोसा देतील. अर्थात आडोशाचा हा प्रयोग ट्रॅकवरचा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकाला चाक लावणे किंवा ट्रकच्या मागे लागणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. आपल्या रस्त्यावर आडोसा एवढाच, की वेग सगळ्यांना झेपेल असा ठेवायचा.

येत्या रविवारी घाटमाथ्यावर पोहोचलात की लगेच मोबाइल काढू नका. शेवटचा माणूस येईपर्यंत थांबा, त्याला पाण्याची बाटली द्या आणि मगच घड्याळ बंद करा. पुढच्या रविवारीही तो आला, तरच तुमच्या गटाला त्या दिवशीची शर्यत जिंकता आली असे म्हणता येईल.