पळायचं, पण कुठं?

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली की गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे पहाटे एक रांग दिसू लागते. डोक्याला कानटोपी, अंगात जुना टी-शर्ट, आणि अंधारात पळणारी आपलीच दादा-ताई मंडळी! पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० मीटर. मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असला तर मुलांच्या चार फेऱ्या आणि मुलींच्या दोन. पण असा ट्रॅक किती गावांत असतो, सांगा बरं? म्हणून मग सगळे हायवेला.

आणि हीच वेळ ऊस वाहतुकीची. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा असेलच याचा भरवसा नाही, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर रात्रभराची झोप. पळणाऱ्या मुलांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

आमच्या चौथीतली एक मुलगी परवा म्हणाली, "बाई, दादा हायवेला पळतो. मला पण पळायचंय. पण आई म्हणते, रस्त्यावर जायचं नाही."

आईचं बरोबर आहे आणि मुलीचंही. मी तिला एवढंच विचारलं, "तुम्ही मळ्यात कुठून जाता गं?"

"पाणंदीनं."

घ्या! उत्तर तिच्याच तोंडात होतं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी कच्ची गाडीवाट. कडेला निवडुंग, घाणेरी, एखादी बाभळ. डांबरापेक्षा माती मऊ, त्यामुळे गुडघ्याला आणि घोट्याला बसणारा दणका कमी. ट्रक नाही, हॉर्न नाही. फार तर समोरून बैलगाडी येईल आणि गाडीवान काका विचारतील, "काय गं, कोण मागं लागलंय का?" एक मात्र आहे. गाडीच्या चाकांनी जी खोल रेघ पडते, तिला चाकोरी म्हणतात. 'चाकोरीबद्ध' हा शब्द तिथलाच. त्या चाकोरीत पाय गेला की मुरगळलाच म्हणून समजा. पळताना दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून पळायचं.

प्रत्येक छोट्या गावाजवळ अशी एखादी वाट असतेच. वाईचंच उदाहरण घ्या. वाईहून मेणवली साधारण तीन किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, पण आजूबाजूला ऊस, हळद आणि जवळच कृष्णामाई. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, मागे दगडी घाट आहे, आणि घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा आपल्याकडच्या बऱ्याच देवळांत आल्या. त्यातलीच ही. पळत जाऊन घंटा बघायची, घाटावर दम खायचा आणि चालत परत यायचं. इतिहासाचा तास झाला आणि व्यायामाचाही. रविवारी मात्र पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत परतलेलं बरं. आणि त्याच वाईतून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट कितीही देखणा असला तरी पळायला अजिबात नको. वळणावर ना तुम्हाला गाडी दिसते, ना गाडीला तुम्ही. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात मोठी हिल मॅरेथॉन होते, तो फोटो बघून कुणी म्हणेल, "मग ते कसे पळतात?" अहो, शर्यतीच्या दिवशी रस्ता धावणाऱ्यांसाठी राखलेला असतो, जागोजागी माणसं उभी असतात. एरवी तो वाहनांचा.

कुणाला वाटेल, कच्च्या वाटेवर पळून काय मोठं होणार? तर ऐका. ललिता बाबर ही याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर, म्हणजे १९८४ नंतर, धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. आणि अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडवा गावचा. शाळा लांब, म्हणून लहानपणी रोजची पायपीट ठरलेली. त्याने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायचं. आपल्या पाणंदीत पावसाळ्यात दुसरं काय असतं!

आता वाट सापडली, तर ती मोजायची कशी? मोबाइल नको. सायकल घ्या. चाकाच्या टायरवर खडूने एक खूण करा. खूण जमिनीला टेकलेली असताना तिथे एक रेघ मारा, सायकल सरळ ढकला, खूण पुन्हा टेकली की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा. समजा २ मीटर १० सेंटिमीटर आलं. मग १ किलोमीटरला चाकाच्या किती फेऱ्या? १००० भागिले २.१, म्हणजे सुमारे ४७६. चाकाच्या आऱ्याला एक चिंधी बांधा म्हणजे फेऱ्या मोजायला सोपं जातं. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने मोजायचं आणि तिसऱ्याने गप्पा मारून दोघांना चुकवायचं नाही! हसू नका, मोठमोठ्या मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर अंतरसुद्धा सायकलच्या चाकाला गणकयंत्र लावूनच मोजतात. आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात.

पहिल्याच दिवशी सुसाट सुटायचं नाही. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सात-आठ वेळा. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला.

पालकहो, हा भाग तुमच्यासाठी. अंधारात पोरांना सोडू नका, चांगलं उजाडू द्या. जुन्नर, शिरूर, आंबेगाव भागात उसात बिबट्या असतो, पिल्लंही तिथेच घालतो. आता कराडकडेही तो दिसतो. तिथल्या मुलांनी उसाच्या कडेची वाट सोडून उघड्या माळाची धरावी. वाढलेल्या गवतातून जायचं नाही, घोणस आणि फुरसं मातीच्या रंगात दिसत नाहीत. कॅनॉलच्या कडेने पळायला गार वाटतं, पण काठ निसरडा आणि आतून उभा असतो, पडलेल्याला वर येता येत नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा. आणि थोडं अंतर डांबरी रस्त्याने जाणं भागच असेल, तर उजव्या कडेने जा, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते.

मुलींचं काय? घरचे कचरतात, त्यात त्यांची चूक नाही. पण 'नको' म्हणून विषय संपवण्यापेक्षा चार मुली मिळून जाऊ देत. आमच्या त्या चौथीतल्या मुलीची आत्या म्हणाली, "तू पळ, मी मागनं चालते. माझंही गुडघं दुखायचं कमी हुईल." आता त्या पाणंदीवर सकाळी सहा मुली आणि दोन आत्या असतात.

राहता राहिली पाणंद. बऱ्याच गावांत ती नांगरटीत दरवर्षी वीतभर खाल्ली जाते आणि शेवटी पायवाटही उरत नाही. गावच्या नकाशात मात्र ती असते. गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात, रुंदी १६.५ ते २१ फूट. पायवाट एका तुटक रेषेने, रुंदी ८.२५ फूट. गणित आवडणाऱ्यांनी बघा: गुंठ्याची बाजू ३३ फूट, तिचं निम्मं १६.५ आणि पाव ८.२५. तलाठ्याकडे हा नकाशा बघायला मिळतो. वाट कुणी अडवली असेल तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने आहे. भांडायला आधी आजोबांना पाठवू नका, नकाशा घेऊन जा.

येत्या रविवारी आपापली वाट मोजा आणि मला पत्राने कळवा. वाटेचं नाव, चाकाच्या एका फेरीचं अंतर, एकूण फेऱ्या आणि वाटेत भेटलेली तीन झाडं. रुंदीही फुटांत मोजा, नकाशातल्या आकड्याशी ताडून बघू.