रॅली : हौस आणि हिशोब

मराठीत 'हौस' हा एक गोड शब्द आहे. कुणाला बागेची हौस असते, कुणाला पतंगाची, तर कुणाला नव्या कपड्यांची. आपल्या उर्दूत 'हवस' हा शब्द आहे. त्याच शब्दापासून मराठीतला 'हौस' तयार झाला. मात्र दोघांच्या अर्थात मोठा फरक पडला. 'हवस' म्हणजे कधीही न भागणारी हाव. 'हौस' म्हणजे मनाला आनंद देणारी आवड. वेगाच्या आवडीचा विचार करताना हे दोन्ही शब्द जवळजवळ ठेवून पाहावेत. वेगाची हौस चांगली, वेगाची हवस घातक, असे माझे मत आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागातील अनेक मुलांना मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम आवडतात. पूर्वी अशा खेळांची दुकाने असत. तासाचे पैसे देऊन मुले तेथे खेळत. आता हा खेळ मोबाइलमध्ये आला आहे. त्यातही रॅलीचा खेळ अनेकांच्या आवडीचा असतो. चिखल, धूळ, बर्फ, घाट, जंगल अशा वाटांवरून गाडी पळते. पाहणाऱ्याला वाटते, जो सर्वांत जास्त जोराने गाडी पळवतो तो जिंकतो. हा समज बरोबर आहे का?

रॅली म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. काही ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडतात. तिची खरी स्पर्धा घड्याळाशी असते. शर्यतीचा रस्ता इतर वाहनांसाठी आधी बंद करतात. गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा भक्कम पिंजरा बसवलेला असतो. गाडीतील दोघेही हेल्मेट घालतात आणि मजबूत पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेतात.

होय, गाडीत दोघे असतात! एक चालक आणि दुसरा सहचालक. शर्यतीपूर्वी हे दोघे त्या रस्त्यावरून सावकाश जाऊन येतात. प्रत्येक वळण, चढ, खड्डा आणि पूल वहीत टिपून ठेवतात. अनेक चालक वळणांना १ ते ६ असे आकडे देतात. १ म्हणजे फार अवघड वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता. शर्यतीच्या वेळी सहचालक ही वही मोठ्याने वाचतो. चालक ऐकतो आणि त्याप्रमाणे गाडी वळवतो. जो चालक दुसऱ्याचे ऐकत नाही, तो कितीही धीट असला तरी पहिल्याच अवघड वळणावर खड्ड्यात जाईल.

रॅलीचा आणखी एक नियम ऐकून तुम्हांला नवल वाटेल. वाटेत वेळ तपासण्याच्या चौक्या असतात. जागतिक स्पर्धेत तेथे एक मिनिट उशिरा पोहोचल्यास १० सेकंदांचा दंड होतो. मात्र एक मिनिट आधी पोहोचल्यास पूर्ण ६० सेकंदांचा दंड होतो! म्हणजे उशिरापेक्षा घाईची शिक्षा सहापट आहे. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी आपण रस्त्याच्या कडेला नेहमी वाचतो. रॅलीवाल्यांनी ती जणू नियमपुस्तकातच लिहून ठेवली आहे.

आपल्या महाराष्ट्राचा या खेळाशी जुना संबंध आहे. मुंबईचे नझीर हुसेन यांनी १९८० साली हिमालयन रॅली सुरू केली. त्यामुळे परदेशी चालकही भारतात येऊ लागले. पुढे नाशिकच्या परिसरातही राष्ट्रीय स्पर्धेतील रॅली झाल्या. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ साली सौदी अरबस्तानातील प्रसिद्ध डाकार रॅलीत जुन्या बनावटीच्या गाड्यांच्या विभागात भाग घेतला. या विभागात ठरवून दिलेला सरासरी वेग काटेकोरपणे पाळावा लागतो. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेने खास स्त्रियांसाठी अशाच, वेळ आणि वेगाचा मेळ घालण्याच्या रॅली भरवल्या आहेत. तेव्हा मुलींनो, ही हौस फक्त मुलांची आहे असे समजू नका.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. १९९८ साली 'कॉलिन मॅक्रे रॅली' नावाचा गेम निघाला आणि जगभर गाजला. कॉलिन मॅक्रे हा स्कॉटलंडचा चालक १९९५ साली जगज्जेता झाला होता. त्याचा खराखुरा सहचालक निकी ग्रिस्ट याचाच आवाज या गेममध्ये होता. असे गेम मन लावून खेळणाऱ्याला काही चांगल्या गोष्टी शिकता येतात. पुढचे वळण आधी ओळखावे, सूचना नीट ऐकाव्यात, वळणाच्या आधी वेग कमी करावा, या त्या गोष्टी होत. म्हणून असे खेळ बंदच करावेत, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. अभ्यास आणि झोप सांभाळून थोडा वेळ खेळण्यात काही गैर नाही.

पण गेममध्ये एक गोष्ट शिकवता येत नाही. ती म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची किंमत. गेममधील रस्ता मोकळा असतो. गाडी उलटली तर बटण दाबताच ती पुन्हा उभी राहते. आपला कल्याण-बदलापूर रस्ता तसा आहे का? तेथे रिक्षा आहेत, कारखान्यांकडे जाणारे ट्रक आहेत, भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी कुणाची तरी दादी आहे. पावसाळ्यात बारवी धरणाकडे जाणारा रस्ता निसरडा होतो. अशा रस्त्यावर भावाची मोटारसायकल घेऊन शर्यत लावणाऱ्या मुलाच्या मागे सहचालक नसतो, अंगावर पट्टा नसतो आणि बहुधा डोक्यावर हेल्मेटही नसते.

विज्ञान काय सांगते ते पाहा. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबायला साधारण चौपट अंतर लागते. हा हिशोब कुणाच्याही धाडसाने बदलत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू होती. शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. रॅलीच्या गाडीची तिला धडक बसली आणि एकाच कुटुंबातील तिघे मृत्युमुखी पडले. गाडी चालवणारा देशातील निष्णात चालक होता. रस्ता बंद असूनही असे घडते, तर वाहत्या रस्त्यावर काय होईल?

कायदाही याबाबत कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला मोटार किंवा गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. क्षणभराच्या मौजेसाठी अब्बांना कोर्टाची पायरी चढायला लावायची का?

कुणी म्हणेल, "सर, आमच्या भागात मोकळी मैदाने कमी आहेत. मग हौस भागवायची तरी कुठे?" हा प्रश्न खरा आहे आणि तो मोठ्यांनी टाळू नये. नगरपालिका, शाळा आणि वस्तीतील मंडळे यांनी मिळून सुट्टीच्या दिवशी एखादा रस्ता बंद करावा आणि वेळ व वेगाचा हिशोब ठेवणारी सायकल रॅली भरवावी. तिला फार खर्च येणार नाही. ज्यांना इंजिनाची आवड आहे, त्यांनी दहावीनंतर आय.टी.आय.मधील मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचा विचार करावा. रॅलीला जशी चालकाची गरज असते, तशीच मेकॅनिकची, वेळ नोंदवणाऱ्याची आणि रस्ता सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचीही असते.

विद्यार्थी मित्रांनो, रॅलीत आधी रस्ता रिकामा करतात आणि मगच वेग वाढवतात. आपले रस्ते मात्र सर्वांचे आहेत. ते कधी रिकामे नसतात आणि नसावेतही. म्हणून वेगाची हौस जरूर बाळगा, पण ती योग्य जागी आणि योग्य वयात पुरवा. तोपर्यंत सहचालकाचे काम करायला काय हरकत आहे? मित्र जोरात गाडी पळवू लागला, तर त्याच्या मागे बसून टाळ्या वाजवू नका. "पुढे वळण आहे, हळू घे," असे त्याला ठामपणे सांगा.