गिरणगावचा खेळ कुठून सुरू व्हावा?

मुंबईच्या गिरणगावावर भूमिका-खेळ रचायचा म्हटले की बहुतेकांना १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संपच आठवतो. दत्ता सामंत व्हायला सगळेच तयार!

माझ्या मते खेळ गिरणीच्या फाटकावर, बदली कामगारांच्या गर्दीत सुरू व्हावा. कायम कामगार गैरहजर असेल तरच बदलीला त्या दिवसाचे काम आणि मजुरी. म्हणून काही खेळाडूंना दररोज फाटकावरूनच परत पाठवावे. (कंटाळतील. कंटाळू द्यावे.) परतल्यावर खोलीत अंग टाकायला जागा नाही, कारण रात्रपाळीचा सोबती तिथेच झोपलेला. खानावळीचे महिन्याचे पैसे थकलेले. खानावळ चालवणाऱ्या बाईची भूमिका कृपया दुय्यम ठरवू नका. तिच्यामागेही वाण्याची उधारी आहे, आणि कोणाला आणखी किती दिवस उधारीवर जेवू घालायचे हा निर्णय तिचाच.

हे सारे भोगून झाल्यावरच संपाचा प्रश्न यावा. त्या संपात सुमारे २.५ लाख कामगार उतरले आणि तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा खेळाचाही शेवट जाहीर करू नये. कोण कामावर परतला आणि कोणी गावची एसटी धरली, एवढेच नोंदवावे.