संगणक हवा, घरघर नको



मुलगी डिप्लोमाला गेली की घरात संगणकाची मागणी येते. आईवडील पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवतात. तयार संच परवडत नाही, म्हणून सुटे भाग जोडून घेतात. पण दहा बाय बाराच्या खोलीत रात्री तो सुरू झाला की घरघर थांबत नाही. वडिलांना पहाटेच्या पाळीला जायचे असते, आजीची झोप सावध असते. ‘बंद कर ते’ असे ऐकून मुलीला अभ्यास आवरावा लागतो. ज्या शिक्षणासाठी खर्च केला, तेच अडते.

ही घरघर येते कुठून? पंख्यांतून आणि हार्ड डिस्कमधून. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. तिची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते. पत्रा पातळ असला की तो डफासारखा वाजतो. म्हणून कॅबिनेट, म्हणजे ज्याला आपण चुकून ‘सीपीयू’ म्हणतो ते खोके, पारखूनच घ्यावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा की आपल्या गावच्या दुकानात, या गोष्टी हाताने तपासाव्यात :

१) बाजूच्या पत्र्याच्या मधोमध अंगठा दाबावा. सहज आत जाऊन ‘टक्’ वाजला तर तो पातळ समजावा. ०.५ मिलिमीटरपेक्षा ०.७ किंवा ०.८ चा पत्रा बरा.

२) १२० मिलिमीटरचे पंखे बसतात का ते पाहावे. मोठा पंखा सावकाश फिरूनही लहानाइतकीच हवा देतो. पंख्याचा वेग निम्मा झाला तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हा फरक कानाला चांगलाच जाणवतो.

३) डिस्कच्या स्क्रूखाली रबरी वॉशर आणि खोक्याखाली रबरी पाय असावेत.

४) समोर जाळी असावी आणि धुळीची गाळणी काढून धुता यावी. समोर बंद काच असली तर हवा कोंडते, यंत्र तापते आणि पंखे जोरात पळतात.

रंगीत दिवे आणि काच यांना भुलू नये. त्या पैशांत जाड पत्रा येतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएसही टाळावा. त्यातला हलका पंखा लवकर कुरकुरतो आणि वीजपुरवठाही भरवशाचा नसतो. एसएमपीएस वेगळा, नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा. पैसे थोडे उरले तर आधी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे आवाजाचे एक मूळच जाते.

जुनेच कॅबिनेट असेल तर फेकू नका. संगणक चालू असताना बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. आवाज थांबला तर दोष पत्र्याचा आहे. मग संगणक बंद करावा, प्लग काढावा, स्क्रू आवळावेत, आणि पत्रा जिथे टेकतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी लावावी. त्याच ट्यूबचे तुकडे डिस्कच्या स्क्रूखाली आणि खोक्याच्या पायांखाली चालतात. पंखा धुळीने भरला असेल तर पाती बोटाने धरून मऊ ब्रशने झाडावीत. अनेक संगणकांत बायोसमधून पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे ठरवता येतो. त्याला एक पैसाही लागत नाही.

खोके लोखंडी खाटेवर किंवा प्लायवूडच्या फळीवर ठेवू नये, थरथर वाढते. कडप्प्याच्या लादीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. आणि आवाज दाबायचा म्हणून त्यावर चादर किंवा गोधडी कधीही टाकू नये. हवा कोंडली की कष्टाच्या पैशाचे यंत्र जळू शकते.

दुकानदाराला ‘आधी चालू करून दाखवा’ असे म्हणण्यात संकोच कसला? पैसे आपले आहेत. पत्र्यावर हात ठेवावा, कान द्यावा, मगच पाकिटाला हात घालावा.