शिवनेरीचा पाळणा आणि बांधावरची झोळी

दरवर्षी १९ फेब्रुवारीला जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर शासकीय इतमामात शिवजन्माचा सोहळा होतो. मंत्री, अधिकारी गडावर येतात, पाळणा हलविला जातो, जिजाऊंच्या मातृत्वाचा गौरव होतो. त्याच दिवसांत गडाखालच्या शिवारात ऊसतोडणी चालू असते. फडाच्या बांधावर झाडाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तिच्यात तान्हे मूल निजविलेले असते आणि त्याची आई हाकेच्या अंतरावर उसाच्या मोळ्या बांधत असते. पाळण्याची दखल शासन घेते. या झोळीची दखल घेण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे दोन भाग आहेत. पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतचा सह्याद्रीचा पट्टा. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या आहेत आणि त्यांचा संसार पावसाळी भात, नाचणी व हिरडा यांवर चालतो. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांवर ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांची बागायत उभी आहे. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे याच दोन तालुक्यांत झाली. डिंभ्याच्या पाण्यात तर जुने आंबेगाव गावच बुडाले. पाणी पूर्वेकडे गेले आणि भाताची कामे संपली की पश्चिमेची माणसेही मजुरीसाठी त्याच वाटेने खाली उतरतात. गळिताच्या हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, त्या वेगळ्याच.

या सर्व कुटुंबांतील लहान मुलांच्या आईचा दिवस जवळपास एकसारखा असतो. पहाटे अंधारात उठून चूल पेटवायची, पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या, मुलाला अंगावर पाजायचे आणि उजाडायच्या आत कामावर निघायचे. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाई मुलासाठी कोपीवर थांबली, तर कोयताच मोडतो, खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. म्हणून मूल बरोबर घ्यावे लागते, अथवा आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या बहिणीच्या कडेवर देऊन मागे ठेवावे लागते. बहिणीची शाळा तेथेच सुटते. एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसऱ्या मुलाच्या शिक्षणातून वसूल होते आणि ती कोणत्याही हिशेबवहीत मांडली जात नाही.

या भागात या प्रश्नाला आणखी एक भयानक बाजू आहे. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाने बिबट्या शिवारात स्थिरावला. त्याची पिले उसाच्या फडातच जन्मतात आणि तोडणीच्या वेळी मजुरांच्या दृष्टीस पडतात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात माणसांवरील हल्ल्यांची लाटच आली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बालकांसह तिघांचे बळी गेले, तेव्हा संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. तो संताप सर्वस्वी न्याय्य होता. त्यानंतर पिंजरे आले, बंदुका आल्या. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना द्यावयाची रक्कम शासनाने त्यापूर्वीच २५ लाखांवर नेली होती. मृत्यूनंतर साहाय्य मिळालेच पाहिजे. परंतु ज्या राज्याच्या तिजोरीत मेलेल्या मुलासाठी २५ लाखांची तरतूद होऊ शकते, त्या राज्याला जिवंत मूल दिवसभर चार भिंतींच्या आत ठेवण्यासाठी एक खोली आणि एक दाई का देता येऊ नये, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. बिबट्याचा बंदोबस्त वन खात्याने करावा. पण तान्हे मूल उसाच्या कडेला का ठेवावे लागते, याचे उत्तर वन खात्यापाशी नाही. ते मजुरीच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

कायद्याला हा प्रश्न अपरिचित आहे, असे नव्हे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला, पण गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांपुरता. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आणली गेली. हे हक्क कारखान्याच्या फाटकापाशीच थांबले. ऊस कारखान्यात गाळला जातो, पण तोडणारी बाई कारखान्याची कामगार मानली जात नाही. ती मुकादमाची असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत त्याचे ५,००० झाले आणि तेही पहिल्या अपत्यापुरते. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेही होत नाहीत. एवढ्यावर कोणती आई घरी राहू शकेल?

अंगणवाडी आहे, असे सांगितले जाते. १९७५ पासून चाललेल्या या योजनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अंगणवाडी काही तासांची, तर मजुरीचा दिवस सूर्योदयापासून मावळतीपर्यंतचा. अंगणवाडीत बसतात ती तीन वर्षांवरची मुले. त्याखालच्या मुलांच्या वाट्याला शिध्याचे पाकीट येते, सांभाळणारे हात येत नाहीत. हा भार मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या माथी आणखी लादणे हाही उपाय नव्हे. तिलाही मुले आहेत.

मार्ग अस्तित्वात आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील तर एका स्त्रीला त्यांच्या देखभालीसाठी नेमून मजुरी द्यावी, अशी तरतूद झाली. मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र असलेले काम आहे, हे तत्त्व म्हणजे देशाच्या कायद्याने एकदा दिलेली कबुली आहे. ती मागे घेऊ देता कामा नये; ती शेतमजुरीला आणि ऊसतोडणीला लागू करून घेतली पाहिजे.

खर्च कोणी करावयाचा? टोमॅटो तोडायला चार बायका लावणारा दोन एकरांचा शेतकरी तो पेलू शकत नाही आणि त्याच्यावर तो लादणेही योग्य नाही. ऊसतोड कामगार महामंडळासाठी गाळपावर टनामागे निधी घेण्याचे तत्त्व शासनाने मान्य केलेले आहे. त्यातूनच विघ्नहर, भीमाशंकर यांसारख्या सहकारी कारखान्यांच्या क्षेत्रात, मजुरांच्या तळावर पहाटेपासून चालणारी हंगामी पाळणाघरे उभी राहू शकतात. बागायती गावांत ग्रामपंचायतीने जागा द्यावी आणि दाईचे वेतन शासनाने द्यावे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही मागणीही याच प्रश्नाशी निगडित आहे. रात्री पाणी धरायला आई-बाप शिवारात गेले, म्हणजे मुले घरी एकटी उरतात.

कार्यकर्त्यांनी या बाबतीत स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मजुरीचा दर पहिल्या क्रमांकावर आणि पाळणाघर दहाव्या, अशी मागण्यांची पत्रके वर्षानुवर्षे निघत आली आहेत. तडजोडीच्या बैठकीत पहिला बळी दहाव्या क्रमांकाचा जातो. सभा रात्री नऊला भरते आणि बाया येत नाहीत, अशी तक्रार होते. त्या वेळी त्या मुलांना निजवीत असतात. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील वाड्या-वस्त्या आणि मजुरांचे तळ फिरून सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी, दिवसा ती कोणाजवळ असतात हे प्रत्येकीला विचारून नोंदवावे आणि ती यादी घेऊन जुन्नर व घोडेगावच्या तहसील कचेरीवर जावे. मोर्चात माता मुलांसह येतील. त्या मुलांना सांभाळण्याची व्यवस्था पुरुष कार्यकर्त्यांनी करावी. सुरुवात तेथूनच होईल.