भुताच्या घराचे दार मुलाच्या हाती

रात्री मूल झोपत नसले की आपल्या घरांतून एक हुकमी उपाय चालतो. कुणी म्हणते, बुवा येईल आणि झोळीत घालून नेईल. कुणी जिन्नाचे नाव घेते. दिवसा हट्ट केला तर पोलीस येतो, नाहीतर सुई टोचणारा डॉक्टर येतो. मूल गप्प होते खरे, पण भीती त्याच्या चादरीत शिरते आणि आपण दिवा मालवून निघून गेल्यावरही तिथेच राहते. या महिन्यात आम्ही वाचकांना अशा एका चित्रकाराची ओळख करून देत आहोत, ज्याच्या बालपणात ही भीती खूप खोल गेली होती. मोठेपणी त्याने तिला कागदाच्या घडीत बसवले आणि जगभरच्या मुलांच्या हाती दिले.

यान पिएन्कोव्स्की यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३६ रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध पेटले. पुढची सहा-सात वर्षे या कुटुंबाची वणवणीत गेली. छोट्या यानला शेजारची एक बाई चेटकिणीच्या गोष्टी सांगत असे. त्या इतक्या भयंकर असत की चेटकीण रात्री स्वप्नात येऊन त्याचा पाठलाग करी. बाहेर युद्धाची भीती आणि झोपेत चेटकिणीची, अशा दुहेरी कात्रीत ते मूल वाढत होते.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी जर्मन फौजांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि अखेर चिरडला गेला. त्यानंतर शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त करण्यात आला. उठाव सुरू असतानाच यान आठ वर्षांचा झाला. त्या दिवसांतली एक आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. बॉम्बहल्ल्यापासून वाचण्यासाठी माणसे तळघरात दाटीवाटीने बसली होती. तिथे एका सैनिकाने वर्तमानपत्राचा कागद घेतला, घड्या घातल्या, कात्री चालवली आणि मुलाला आकृत्या कापून दाखवल्या. बाहेर घरे कोसळत होती आणि आत एका मुलाचे डोळे कागदाकडे लागले होते. त्या सैनिकाचे पुढे काय झाले असेल ते अल्लाहच जाणे. पण त्याच्या हातची कात्री त्या मुलाच्या मनात कायमची राहिली.

पोलंडमध्ये कागद कापून नक्षी करण्याची जुनी लोककला आहे. तिथल्या खेडोपाडी घरांच्या भिंती आणि खिडक्या रंगीत कागदी कोंबड्यांनी आणि फुलांनी सजवल्या जात. आपल्याकडे लग्नघरी झालरी कापणारे आणि पतंग बनवणारे हात पाहिले की या कलेची सहज कल्पना येते. यानने आपले पहिले पुस्तकही आठव्या वर्षीच बनवले होते. ते वडिलांना भेट देण्यासाठी होते.

भटकत भटकत हे कुटुंब १९४६ साली इंग्लंडला पोहोचले. यान तेव्हा दहाच्या आसपास होता. देश परका आणि भाषाही परकी. पण मुलगा शिकला आणि केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजपर्यंत गेला. तिथे त्याचे विषय होते प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि इंग्रजी साहित्य. शिकता शिकता तो नाटकांची पोस्टर्स रंगवी आणि मित्रांसाठी शुभेच्छापत्रे काढी. पुढे शुभेच्छापत्रांचाच व्यवसाय सुरू झाला आणि ‘गॅलरी फाइव्ह’ ही कंपनी उभी राहिली. शुभेच्छापत्र म्हणजे तरी काय, एकदा दुमडलेला जाड कागदच. पॉप-अप पुस्तकाची सुरुवातही तिथूनच होते.

लेखिका जोन एकेन यांच्या कथांसाठी त्यांनी काढलेल्या चित्रांनी त्यांचे नाव झाले. रंगीत पार्श्वभूमीवर काळ्या सावल्यांसारख्या आकृत्या, जणू कात्रीनेच कापलेल्या. पूर्व युरोपातल्या कथांच्या ‘द किंगडम अंडर द सी’ या पुस्तकाच्या चित्रांना १९७१ सालचे केट ग्रीनअवे पदक मिळाले. ब्रिटनमध्ये बालपुस्तकांच्या चित्रकाराला मिळणारा हा सर्वांत मोठा मान.

आता त्या चेटकिणीची गोष्ट. टीव्हीसाठी काम करताना त्यांची हेलन निकोल या बाईंशी ओळख झाली. दोघांनी मिळून ‘मेग अँड मॉग’ ही मालिका सुरू केली. पहिली पुस्तके १९७२ साली आली. निकोल गोष्ट लिहीत आणि पिएन्कोव्स्की चित्रे काढीत. दोघांची घरे लांब होती, म्हणून वाटेत हमरस्त्यावरच्या एका उपाहारगृहात बसून ते पुस्तकाची आखणी करीत. यातली मेग ही चेटकीण आहे, पण तिचा एकही मंत्र धड लागत नाही. ती काही करायला जाते आणि भलतेच होऊन बसते. मॉग हे तिचे मांजर. ज्या चेटकिणीने एका मुलाची झोप उडवली होती, तिला त्या मुलाने मोठेपणी धांदरट करून टाकले. चेटकिणीला हसणाऱ्या मुलाला तिची भीती कशी वाटणार?

त्यानंतर १९७९ साली ‘हॉन्टेड हाउस’ म्हणजे भुताचे घर हे पुस्तक आले. हलत्या पानांची पुस्तके त्याआधीही होती. शेकडो वर्षांपूर्वी विद्वानांच्या ग्रंथांत ग्रहताऱ्यांचे हिशेब करण्यासाठी फिरणाऱ्या कागदी चकत्या असत. मुलांसाठी अशी पुस्तके अठराव्या शतकात लंडनमध्ये निघू लागली. पण पिएन्कोव्स्कींनी या प्रकारात अख्खे घर उभे केले. घरमालक आपल्या तब्येतीची तक्रार सांगत डॉक्टरला घरभर फिरवतो आणि पाना-पानावर एकेक खोली उघडते. कुठे न्हाणीत मगर, कुठे खुर्चीमागे गोरिला. मालकाला मात्र त्यातले काहीच दिसत नाही. शेवटी माळ्यावर एक लाकडी खोके आहे. पान उघडताना त्याच्या आतून करवत चालते आणि कागदाचा खर्र खर्र आवाजही येतो!

या यंत्रणेत स्प्रिंग नाही, बॅटरी नाही. पान उघडणाऱ्या हाताचा जोर घड्यांतून पुढे जातो आणि चित्र उभे राहते. या घड्यांचे गणित जमवणाऱ्याला कागदाचा अभियंता म्हणतात. या पुस्तकात ते काम टॉर लॉकविग यांनी केले. अशा पुस्तकांचे कागद यंत्राने छापून कापले जातात, पण एकेक तुकडा चिकटवण्याचे काम माणसाच्या हातांनीच करावे लागते. त्या काळी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियासारख्या देशांत कामगार रांगेने बसून ते करीत. मुलाच्या हाती पडणाऱ्या एका प्रतीमागे कितीतरी अनोळखी बोटांची मेहनत असते.

‘हॉन्टेड हाउस’मुळे पिएन्कोव्स्कींना केट ग्रीनअवे पदक दुसऱ्यांदा मिळाले आणि पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मग जबडे उघडणाऱ्या प्राण्यांचे ‘डिनर टाइम’ आले, ‘रोबोट’ आले. पण मुलांना भुताचेच घर का इतके आवडले असावे? आम्हाला त्याचे कारण साधे वाटते. मोठ्यांनी दाखवलेली भीती मुलाच्या हातात नसते. ती हवी तेव्हा थांबवता येत नाही. इथे मगर कधी बाहेर काढायची ते मूल ठरवते. फारच भीती वाटली तर पान मिटले की मगर आत. पुन्हा धीर आला की पुन्हा उघडायचे. दहाव्या खेपेला तेच मूल धाकट्या भावाला सांगते, “बघ हं, आता येईल!” तोवर भीती खेळ होऊन गेलेली असते.

आज आपल्या मुलांना तळघरात बसावे लागत नसेल, पण मोबाइलच्या पडद्यावर कोसळणारी घरे आणि रडणारी माणसे तीही पाहतात. मोठे बोलतात ते कोपऱ्यात बसून ऐकतात आणि विचारत मात्र काही नाहीत. अशा मुलाला “घाबरतोस काय, मोठा झालास!” म्हटल्याने त्याची भीती जात नाही. त्याच्याजवळ बसून ती ऐकावी, कागदावर काढायला सांगावी.

हवे तर या रविवारी एक खेळ करून पाहा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद मधोमध दुमडा. दुमडलेल्या कडेवर थोड्या अंतराने दोन सारख्या लांबीच्या सरळ चिरा द्या. चिरांमधली पट्टी आतल्या बाजूला ढकलून घडी पक्की करा. पत्रिका उघडली की आत एक छोटी पायरी उभी राहील. त्या पायरीवर मुलाने काढलेले भूत, जिन्न किंवा गल्लीतला भुंकणारा कुत्रा चिकटवा. कात्री बोथट टोकाची असू द्या आणि कापताना अम्मी, अब्बा किंवा दादी, कुणीतरी शेजारी बसा. दुकानातली पॉप-अप पुस्तके महाग असतात, पण या पुस्तकाला डिंकाचा खर्च तेवढा येतो.

२०१९ साली ब्रिटनच्या बुकट्रस्ट या संस्थेने पिएन्कोव्स्कींना जीवनगौरव दिला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. उतारवयात त्यांनी अलिफ लैलाच्या कथांसाठीही चित्रे काढली होती. मृत्यू दाराशी उभा असताना रोज रात्री गोष्ट सांगत राहिलेली शहरजाद वॉर्साच्या त्या मुलाला जवळची वाटली असेल, तर नवल नाही. आज रात्री आपल्या घरातले मूल झोपायला तयार नसेल, तर बुवाला बोलावू नका. त्याला एक गोष्ट सांगा आणि तिच्यातले दार त्यालाच उघडू द्या.