बीजभांडवल आणि टेक्ससचे प्रकरण

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बेल्झुटिफान या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2021 मध्ये प्रथम मान्यता दिली, ती व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारातून उद्भवणाऱ्या गाठींपुरती होती. डिसेंबर 2023 मध्ये ती, अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या बळावलेल्या मूत्रपिंड-कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत वाढविण्यात आली. औषधाच्या यशाची वार्ता दूरवर पोचली. त्याच्या जन्मकाळी टेक्सस राज्यात सरकारी पैशावरून केवढा गदारोळ माजला होता, याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही. वस्तुतः संशोधनाला सार्वजनिक तिजोरीतून बीजभांडवल कसे द्यावे आणि कसे देऊ नये, याचा विचार करणाऱ्यांना याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कर्करोग 'क्लिअर सेल' या प्रकारचे असतात आणि त्यांतील बहुसंख्य गाठींत व्हीएचएल नावाचे एकच जनुक निकामी झालेले आढळते. हे जनुक 1993 मध्ये संशोधकांच्या हाती लागले. पेशीला प्राणवायू अपुरा पडला की काही प्रथिने सक्रिय होऊन नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करतात. प्राणवायू पुरेसा असताना त्यांची विल्हेवाट लावणे हे व्हीएचएलचे काम. ते बिघडले म्हणजे पेशी सदैव गुदमरल्यासारखी वागते आणि गाठीला रक्ताचा पुरवठा होत राहतो. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅट्क्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनांतील प्रमुख अपराधी म्हणजे 'एचआयएफ-2 अल्फा'. डॅलसच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात स्टीव्हन मॅकनाइट यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये त्याची नोंद केली होती. अशा प्रथिनांना औषधाने पकडावे असा कोठे खाचखळगाच नसतो, ही तेव्हाची सार्वत्रिक समजूत. त्याच संस्थेतील रिचर्ड ब्रुइक आणि केव्हिन गार्डनर यांना या प्रथिनाच्या पोटात एक इवलीशी पोकळी सापडली, आणि तीत बसू शकेल अशा रसायनाचा शोध सुमारे 2 लाख संयुगांच्या संग्रहातून सुरू झाला.

अर्थशास्त्रीय पेच नेमका येथून सुरू होतो. पोकळी सापडणे म्हणजे औषध सापडणे नव्हे. रसायन निवडणे, ते सुधारणे, प्राण्यांवर तपासणे, त्याचा विषारीपणा अजमावणे ही वर्षानुवर्षांची कामे. विद्यापीठीय अनुदान देणारा विचारतो, 'यात नवे ज्ञान कोणते?' पैसे गुंतवणारा विचारतो, 'यात विकण्याजोगे काय?' दोघांनाही उत्तर मिळत नाही. शिवाय एखाद्याचा प्रयत्न फसला, तरी 'ही वाट बंद आहे' हे ज्ञान प्रतिस्पर्ध्यांना फुकट मिळते. फसण्याची किंमत मात्र एकट्याने मोजायची. जेथे लाभ दुसऱ्यांकडे वाहून जातो तेथे खासगी भांडवल समाजाच्या गरजेपेक्षा कमीच येणार. त्यातून स्तन वा फुप्फुसाच्या मानाने मूत्रपिंडाचा कर्करोग विरळा, म्हणजे बाजारपेठही लहान.

ही दरी बुजविण्यासाठी टेक्ससच्या मतदारांनी 2007 मध्ये घटनादुरुस्तीला कौल देऊन कर्करोग-संशोधनासाठी 300 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास अनुमती दिली. संशोधनाचे फळ पुढील पिढ्यांनाही मिळणार, तेव्हा त्याचा बोजाही त्यांनी वाहावा, हा त्यामागील हिशेब तर्कशुद्ध होता. या निधीची व्यवस्था पाहणाऱ्या राज्यसंस्थेने 2010 मध्ये डॅलसमधील पेलोटन थेराप्युटिक्स या नवजात कंपनीला 1 कोटी 10 लाख डॉलर मंजूर केले. वर सांगितलेल्या पोकळीचे औषध करायला निघालेली ती हीच कंपनी.

2012 च्या अखेरीस उघड झाले की, या अर्जाची ना शास्त्रीय छाननी झाली होती, ना व्यापारी. त्याच वर्षी दुसऱ्या एका अनुदानाला शास्त्रीय छाननी टाळून मंजुरी मिळाली म्हणून संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञ, नोबेलविजेते आल्फ्रेड गिल्मन यांनी पद सोडले होते आणि त्यांच्यामागोमाग अनेक परीक्षकही बाहेर पडले होते. आता नवी अनुदाने थांबली, चौकशा झाल्या. एका माजी अधिकाऱ्यावर खटलाही चालला. 2014 मध्ये तो निर्दोष ठरला.

पुढचा भाग अधिक अडचणीचा आहे. मे 2019 मध्ये मर्क कंपनीने पेलोटन विकत घेण्यासाठी 105 कोटी डॉलर रोख आणि पुढील टप्पे गाठल्यास आणखी 115 कोटींपर्यंत देण्याचे जाहीर केले. म्हणजे छाननीविना दिलेले दान नेमके पिकले! मग छाननी हवीच कशाला, असे म्हणणारे पुढे येतातच. परंतु अंधारात सोडलेला एक बाण लक्ष्यावर बसला, एवढ्यावरून अंधारात बाण सोडणे हे धोरण ठरत नाही. रांगेत उभ्या असलेल्या आणि रीतसर तपासल्या गेलेल्या इतर अर्जांत काय दडले होते, हे कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. छाननी करणारे सर्वज्ञ नसतात, पुष्कळदा धाडसी कल्पनेवरच त्यांची कात्री चालते, हेही खरे. तरीही छाननीचे खरे मोल यश ओळखण्यात नसून अपयश पचविता येण्यात आहे. प्रारंभिक अवस्थेतील बहुतेक प्रयोग बुडणारच. ते रीतसर निवडले गेले असतील तर करदाता ते नुकसान मानतो. तसे नसतील तर प्रत्येक बुडीत अनुदानात त्याला लबाडीचा वास येतो आणि मग सगळी पेरणीच बंद पडते.

टेक्ससने ती बंद पडू दिली नाही, हे त्या राज्याचे श्रेय. सुमारे दहा महिन्यांनी, ऑक्टोबर 2013 मध्ये स्थगिती उठली. तत्पूर्वी कायदा बदलून देखरेख कडक करण्यात आली, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये मतदारांनी आणखी 300 कोटी डॉलरना संमती दिली.

किमतीचा प्रश्न मात्र तेथेही सुटलेला नाही. अनुदानातून उभ्या राहणाऱ्या उत्पन्नात राज्याचा वाटा असावा, अशी टेक्ससच्या कायद्यात तरतूद आहे. औषध रुग्णाला कोणत्या दराने मिळावे, याविषयी तीत काही नाही. बेल्झुटिफानच्या महिन्याभराच्या गोळ्यांची अमेरिकेतील छापील किंमत 20 हजार डॉलरहून अधिक आहे. पहिली जोखीम करदात्याने घ्यायची आणि आजारी पडल्यावर पुन्हा त्यानेच, प्रत्यक्ष वा विम्याच्या हप्त्यांतून, ही किंमत भरायची.

भारतातही हा विषय आता केवळ चर्चेपुरता उरलेला नाही. 2012 मध्ये स्थापन झालेली जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषद, म्हणजे 'बायरॅक', नवोदितांना 50 लाख रुपयांपर्यंत प्रारंभिक अनुदान देत आली आहे. तेवढ्यात कल्पनेची प्राथमिक पारख होईल. प्राण्यांवरील चाचण्यांपर्यंत मजल जाणे अवघड. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला 1 लाख कोटी रुपयांचा संशोधन-विकास निधी आकाराने प्रचंड आहे खरा, परंतु त्याचा रोख तंत्रज्ञान काही पायऱ्या चढून आलेल्या प्रकल्पांकडे आहे आणि साहाय्याचे मुख्य रूप दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज हे आहे. डॅलसमध्ये पोकळी सापडली त्या क्षणी कर्ज कोणी काढले असते, आणि कशाच्या तारणावर? हा निधी दुसऱ्या फळीतील वित्तसंस्थांमार्फत वाटला जाणार आहे. त्या कोणत्या निकषांवर निवड करतात, कोणते अर्ज का नाकारतात आणि परीक्षकांचे हितसंबंध कोठे गुंतलेले आहेत, हे दरवर्षी संसदेपुढे मांडण्याचे बंधन त्यांच्यावर आताच घालता येईल.